लिंडनएकच्या किल्ल्यातलं पाणी

कुठलाही किल्ला दिसला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पाणी कुठे आहे? दरवाजा, बुरूज, तट, तोफा हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. रविवारी धापा टाकत आम्ही एखाद्या गडावर पोचायचो, मला आणि धाकट्या मंजूला डबा उघडायची घाई असायची, आणि बाबा मात्र टाकं शोधत फिरायचे. ते सापडलं, त्यात वाकून बघून झालं, की मग टोपी काढून म्हणायचे, "आता बसा." एखादं टाकं कोरडं निघालं तर दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा, जणू त्या गडावरची शिबंदी अजून तहानलेली आहे आणि ती जबाबदारी त्यांच्यावर आहे. आई घरी असायची. ती म्हणायची, "तुमच्या बाबांना घरातला माठ रिकामा झालेला दिसत नाही, पण डोंगरावरचं टाकं बरोबर दिसतं."

आम्ही कोथरूडमध्ये राहायचो. तेव्हा सोसायटीच्या मागे अजून मोकळी जमीन होती आणि तिच्यापलीकडे टेकडी. बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होते. सकाळी सहाला घरातला पहिला आवाज म्हणजे ब्लेडने पेन्सिलीला टोक काढल्याचा. मग स्टोव्हचा पंप, मग रेडिओ, मग आईचं मंजूला उठवणं. बाबांची बोटं कायम शिशाने काळपट असत आणि पोळी खाताना ते ती कडेला न धरता मधोमध धरत, का ते मला कधी कळलं नाही. ते मोजकं बोलायचे. वाक्य संपलं की ते खरंच संपायचं. एखादी गोष्ट तपासून घ्यायची असेल तर दोनच शब्द विचारायचे, "पक्कं ना?" कारखान्यात त्यांच्या हाताखालची माणसं म्हणे या दोन शब्दांना साहेबांच्या ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायची.

रॉयटर साहेब आमच्या घरात आले ते या कारखान्यातून. जर्मनीहून आलेलं एक ग्राइंडिंग मशीन बसवायला ते काही महिने पुण्यात होते आणि बाबांना त्यांच्याबरोबर दिलं होतं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून मैत्री जमली. अडलं की दोघंही पेन्सिल उचलायचे. साहेब गेले तरी पत्रं येत राहिली आणि त्या पत्रांतही निम्मी चित्रंच असायची. ते बाबांना 'हेर योगलेकर' म्हणायचे, कारण 'जोगळेकर' या नावातलं पहिलं अक्षर त्यांच्या भाषेत तसं उच्चारतात आणि 'ळ' त्यांच्या भाषेत नाहीच. एकदा बाबांनी पत्रातून विचारलं की तुमच्या गावाला किल्ला आहे का. उत्तरादाखल एक पातळ, गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली. मुखपृष्ठावर डोंगर, डोंगरावर किल्ला, आणि त्याच्या पायाशी एकमेकांना चिकटलेली लाल उतरत्या छपरांची घरं. गावाचं नाव लिंडनएक. आत त्या गावाचा इतिहास आणि बघण्यासारख्या जागा. सगळं जर्मनमध्ये. बाबांनी तिला माझ्या शाळेच्या पुस्तकांसारखं खाकी कव्हर घातलं आणि मला जर्मनच्या क्लासला घातलं.

त्या काळी पुण्यात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला जर्मनला घालायची पद्धतच होती. माझ्या हुशारीबद्दल दुमत असू शकतं, पण अकरावीत मी सायकल हाणत कोथरूडहून सदाशिव पेठेत क्लासला जाऊ लागलो. बाई चांगल्या होत्या, कडक होत्या. क्लास एका दाताच्या दवाखान्यावर होता आणि खालून ते दात कोरायचं यंत्र सुरू झालं की वर आमची क्रियापदं थरथरायची. मी पहिले काही आठवडे नियमाने गेलो. मग नंदू भेटला. नंदू त्याच गल्लीत राहायचा आणि त्याच्या घराच्या ओट्यावर कॅरमचा बोर्ड होता. राणी कव्हरसकट घेण्यात जो आनंद आहे तो कुठल्याही विभक्तिप्रत्ययात नाही, असं माझं तेव्हा ठाम मत झालं. एक दिवस बुडवला, मग दोन, मग क्लास ही माझ्यासाठी फक्त सायकल काढायची सबब उरली. असे जवळजवळ तीन महिने गेले.

हे कॅरमचं मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मी जे लिहितो ते मंजू त्यांना वाचून दाखवते. म्हणून इथे ते स्वच्छ लिहून ठेवतो: बाबा, मी आजारी नव्हतो, मला अभ्यास जड जात नव्हता, मी कॅरम खेळत होतो आणि मला फार मजा येत होती.

दसरा झाला आणि रॉयटर साहेबांचं पत्र आलं की कारखान्याच्या कामासाठी ते दिवाळीत पुण्याला येत आहेत. बाबांनी पत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि जाहीर केलं, "या वर्षी लिंडनएक."

दिवाळीचा किल्ला आमच्या सोसायटीत पोरांचा खेळ नव्हता, ते बाबांचं खातं होतं. इतर सोसायट्यांत दगडमातीचा ढिगारा करून वर महाराज बसवले की झालं. आमच्याकडे आधी नकाशा निघायचा. गड ठरला की तो खरा जसा आहे तसा, प्रमाणात. आम्ही पोरं माती चाळायचो, विटा आणायचो, गोणपाट चिखलात बुचकळून उतारांवर टाकायचो, त्यावर अळीव पेरायचो. बाबा पट्टी घेऊन मापं काढायचे. आणि आता या अंगणात परदेशातला किल्ला होणार होता, तोही त्याच गावच्या माणसाला दाखवायला. त्यांनी पुस्तिका कपाटातून काढून माझ्या हातात ठेवली. "रोज संध्याकाळी चहानंतर वाच. तू वाचशील तसं बांधू."

पहिल्या संध्याकाळी मी खरंच प्रयत्न केला. पहिल्या वाक्यात मला तीन शब्द कळले: आणि, मध्ये, डोंगर. समोर बाबा पेन्सिल घेऊन बसलेले, आई चकलीच्या भाजणीचं पीठ मळत होती, मंजू पेल्यातला चहा फुंकत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आपला मुलगा परकी भाषा वाचणार याचा जो आनंद आईच्या तोंडावर होता, तो बघून मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी तोंड उघडलं आणि लिंडनएकचा इतिहास सुरू झाला.

सरदाराचं नाव मी फ्रीड्रिख ठेवलं आणि त्याच्या मुलीचं मार्गारेटे. ही दोघं आमच्या जर्मनच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात स्टेशनवर कॉफी पीत असत. मी त्यांना उचलून गडावर नेलं. फ्रीड्रिख शूर होता. शेजारचा राजा दुष्ट होता. त्याने गडाला वेढा घातला. किल्लेदार फितूर झाला. शत्रूचे शिपाई दोर लावून कडा चढले. हे सगळं चौथीच्या इतिहासातलं होतं हे माझ्या लक्षातही येत नव्हतं, कारण किल्ला म्हटलं की माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मधूनमधून मी अडखळायचो, पान उलटायचो, एखादा शब्द पुटपुटायचो, म्हणजे वाचतोय असं वाटावं. आज मला त्या पुटपुटण्याची जास्त लाज वाटते.

"पाणी कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

मी पुस्तिकेत बघितलं. शेवटच्या पानावर एक बारीक रेघांचं चित्र होतं, त्यात किल्ल्याच्या मधून खाली डोंगराच्या पोटात जाणारी अरुंद उभी पोकळी दाखवली होती. मला ती चोरवाट वाटली. मी म्हणालो की गडावर पाणीच नव्हतं. विहीर नाही, टाकं नाही. भुयार होतं. त्या भुयारातून मार्गारेटे रोज नदीवर जाऊन घागर भरून आणायची.

"भुयार सरळ खाली जातं?"

"हो."

"माणूस उतरणार कसा?"

"दोरीने."

"घागर घेऊन?"

मी म्हणालो, हो, पुस्तकात तसंच आहे. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "पक्कं ना?"

"पक्कं."

"हं," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

पुढचे दिवस, खोटं बोलायचं नसेल तर, माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. अपराध डोक्यावर असताना माणूस इतका आनंदी कसा राहू शकतो याचं मला आजही नवल वाटतं, पण होतो. घरात सोऱ्याची कुरकुर, तळणाचा वास, अनारशाच्या पिठाला कोणी हात लावायचा नाही म्हणून आईची ताकीद. आणि बाहेर अंगणात जर्मनी वर येत होती. मंजूने बुटांच्या खोक्यांची घरं केली. त्या गावातल्या घरांच्या पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या होत्या. तिने सोसायटीतल्या बाराही घरांत जाऊन जळून उरलेल्या उदबत्त्यांच्या काड्या गोळा केल्या, शाईत बुडवल्या आणि चिकटवल्या. छपरांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या. त्यामुळे बारकाईने पाहिलं तर लिंडनएकच्या प्रत्येक घरावर आपली उपस्थिती प्रार्थनीय होती. देवळाच्या टोकदार मनोऱ्यावर रिकामा भुईनळा पालथा बसवला. नदीला आईने लांबट आरसा दिला, तो तिच्या लग्नातला होता. तटावर बंदूकधारी शिपाई कुठून आणणार, म्हणून कुंभारवाड्यातले नेहमीचे मावळे ढाल-तलवारीसकट उभे केले.

तळमजल्यावरचे रानडे काका रोज संध्याकाळी हातात पिशवी घेऊन पाच मिनिटं उभे राहायचे. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि कौतुक करणं त्यांना शिस्तीविरुद्ध वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "जोगळेकर, जर्मनीत अळीव उगवतात का?" दुसऱ्या दिवशी मनोऱ्याकडे बोट करून, "हा भुईनळा भरलेला नाही ना? नाहीतर पाहुण्यांना त्यांच्या गावाचा शेवटही बघायला मिळायचा." तिसऱ्या दिवशी मी मंजूला फितुरीचा प्रसंग सांगत होतो तो त्यांनी ऐकला. सगळा ऐकला. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "हे जर्मन लोक आपल्या चौथीच्या पुस्तकातून इतिहास शिकलेले दिसतात." माझे कान तापले. बाबा चिखल थापत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

बाबा रोज चहानंतर विचारायचे, "आज काय वाचलंस?" मी सांगायचो. मग ते विचारायचे, "पक्कं ना?" मी म्हणायचो, पक्कं. एकदा त्यांनी पुस्तिका मागितली आणि भिंग घेऊन शेवटचं पान बराच वेळ बघितलं. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती म्हणून मी निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या माथ्यावर मधोमध त्यांनी खड्डा खणला आणि आईचा पावडरचा रिकामा डबा त्यात उभा पुरला. त्यात तांब्याने पाणी ओतलं. मी म्हणालो, बाबा, या गडावर विहीर नव्हती. ते म्हणाले, "नसेल. पाणी नसलेला किल्ला मी बांधत नाही. वर दगड ठेवतो, दिसणार नाही." मला ते त्यांचं नेहमीचं वेड वाटलं. थोडी दयाही आली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पाटीची वेळ आली. किल्ल्यापुढे माहितीची पाटी असायची आणि ती बाबा स्वतः लिहायचे, तिरक्या, ड्रॉइंगवरच्या अक्षरात. या वर्षी त्यांनी पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "इतिहास तू वाचलास. तू लिही. खाली सही कर." मी लिहिलं. वेढा, फितुरी, भुयार, मार्गारेटे, घागर, सगळं. शेवटी मार्गारेटे पाणी घेऊन पोचते आणि गड वाचतो असं केलं, कारण आधीच्या संध्याकाळी मी तिला पकडून दिलं होतं तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला होता. खाली लिहिलं: मूळ जर्मनवरून, श्रीकांत जोगळेकर. बाबांनी ते वाचलं. पुन्हा तेच दोन शब्द विचारले. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. त्याचं खोटं मला कळतं तेव्हा मी पाच मिनिटंसुद्धा गप्प बसू शकत नाही. लगेच पकडतो, पुरावे मांडतो, जिंकतो. मग रात्रभर मला बाबांची ती पेन्सिल आठवत राहते.

पाडव्याच्या सकाळी रॉयटर साहेब आले. उंच, वाकलेले, उन्हाने लाल झालेले. आईने त्यांना ओवाळलं तेव्हा ते इतके ताठ उभे राहिले की जणू मापं घेतली जात आहेत. फराळाची बशी त्यांनी शिस्तीत डावीकडून उजवीकडे संपवली. चिवड्याशी डोळ्यांत पाणी आलं, अनारशाशी चेहरा उजळला आणि त्यांनी आणखी दोन मागून घेतले. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "अनारसा ओळखतो म्हणजे माणूस घरंदाज आहे." तोपर्यंत अंगणात सगळी सोसायटी जमली होती. पाडव्याचे नवे कपडे, उटण्याचा वास, हातात फुलबाज्या घेतलेली पोरं, आणि पुढे खुर्ची घेऊन रानडे काका.

साहेब किल्ल्यासमोर आले आणि थांबले. मग ते गुडघ्यांवर बसले, नव्या पँटसकट, चिखलात. एका घराकडे बोट दाखवून म्हणाले, हे बेकरीवाल्याचं. हा पूल. हे लिंडनचं झाड, याच्याखाली बाजार भरतो, त्यावरूनच गावाचं नाव. झाडाच्या जागी मंजूने तुळशीची काडी लावली होती. ते हसत होते. बाबा शेजारी उभे होते, हात मागे बांधून, त्यांच्या चेहऱ्यावर ते गडाच्या माथ्यावरचं समाधान. मी मात्र पाटीच्या पुढे उभा राहायचा प्रयत्न करत होतो.

मग साहेबांनी विचारलं, "आणि विहीर? हेर योगलेकर, विहीर कुठे आहे?"

त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं. लिंडनएकला बघण्यासारखं काय आहे म्हणून कुणालाही विचारा, तो पहिल्यांदा विहीर सांगेल. किल्ल्याच्या मधोमध, खडकात, नदीच्या पातळीपर्यंत खोदलेली. आजोबांनी सुरू केलेलं काम नातवाच्या हातून पुरं झालं इतकी खोल. गावातली सगळी पोरं तिच्यात खडा टाकतात आणि आवाज येईपर्यंत आकडे मोजतात. लहानपणी तेही मोजायचे. पुस्तिकेत शेवटच्या पानावर तिचंच चित्र आहे.

पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात तसं झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं. शेवटच्या पानावरची ती उभी पोकळी. दोरीने उतरणारी मुलगी. भिंग. बाबा आयुष्यभर रोज आठ तास असली चित्रं काढत होते. आतला भाग कापून दाखवणाऱ्या चित्राला कुठली भाषा लागत नाही. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

बाबा वाकले, माथ्यावरचा चपटा दगड त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाले, "इथे."

साहेबांनी डब्यातलं पाणी बघितलं. मग त्यांनी चिखलातून एक बारीकसा खडा वेचला, हात वर नेला आणि सोडला. टुबुक असा आवाज झाला. साहेब लहान मुलासारखे हसले, पोरांनी लगेच खडे टाकायला सुरुवात केली, आणि हसता हसता साहेबांची नजर पाटीवर गेली. एवढं मोठं काय लिहिलं आहे, त्यांनी विचारलं.

"श्री सांगेल," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, किल्ल्याकडे बघून.

मला इथे स्वतःचं कौतुक करून घ्यायचं नाही. मी जे केलं ते धैर्याने केलं नाही. दगड उचलला गेला होता, लपायला जागा उरली नव्हती. मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं की हे खरं नाही, मी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही, मला ते वाचता येत नाही, मी हे मनाने रचलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच मराठीत म्हणालो. मराठीत ते फार जड गेलं.

"मी खोटं लिहिलं. सगळं खोटं आहे. मी क्लासला जातच नव्हतो."

कुठेतरी लांब लवंगी माळ तडतडत होती. मंजू म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि आईने तिला चिमटा काढला. रानडे काका खुर्चीत मागे रेलले. "चला," ते म्हणाले, "म्हणजे जर्मनी सुटली. मला त्या लोकांची काळजीच वाटायला लागली होती." कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

साहेबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी विचारलं, पण गोष्ट काय आहे? मी सांगितली. फ्रीड्रिख, फितुरी, दोर, घागर. ते गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले की लिंडनएकवर एकदाच सैन्य चालून आलं होतं, पण आठवडाभर पाऊस पडला आणि ते कंटाळून परत गेलं. त्यापेक्षा तुझं बरं आहे. आई दारातून म्हणाली, "खरी असो नसो, त्या पोरीला शेवटी पाणी मिळालं ना?" आई पुढे किती वर्षं ती गोष्ट भाच्यांना सांगत असे, तिच्या आवडीच्या शेवटासकट. ती गेली तेव्हाही माझ्या मनात आलं की जगात ती गोष्ट खरी मानणारं एक माणूस कमी झालं.

बाबांनी पाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. मी मार खायला तयार होतो, निदान ओरडा खायला. ते म्हणाले, "साहेब दोन दिवस आहेत. पुस्तक आण. मागची बाजू कोरी आहे."

ते दोन दिवस मी साहेबांशेजारी पायरीवर बसून काढले. ते एक वाक्य हळू वाचायचे, मी शब्दकोशात बोट फिरवायचो, अडलं की ते पुठ्ठ्यावर चित्र काढायचे. खरा इतिहास माझ्या गोष्टीपेक्षा खूप साधा निघाला. एका लहानशा सरदाराने पुलावरची जकात गोळा करायला किल्ला बांधला. खाली गाव वसलं. एकदा गाव जळलं, लोकांनी पुन्हा बांधलं. विहिरीचं पाणी ओढायला लाकडी चाकात गाढव चालायचं आणि त्या गाढवाला रविवारी सुटी असायची. किल्ला पुढे धान्याचं कोठार झाला, मग तुरुंग, मग शाळा. नगरसभेच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा, कारण त्या काळी मिनिटांची कुणाला घाई नव्हती. आणि वेशीच्या भिंतीत पावाचं माप कोरलेलं आहे, बेकरीवाल्याने पाव लहान केला तर गिऱ्हाईक त्या मापाला लावून बघे. हे ऐकल्यावर बाबा उठून उभेच राहिले. "हे तर गेज आहे," ते म्हणाले. "आमच्या टूलरूममधलं गेज." त्यांनी त्याच दुपारी पत्र्याचा तुकडा कापून वेशीवर ते माप बसवलं. माझ्या लढाया त्यांनी किती दिवस शांतपणे ऐकल्या होत्या, पण पावाच्या मापाने ते आनंदाने लाल झाले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पाटी लागली. साहेबांच्या आग्रहाने मावळे तसेच ठेवले होते; ते म्हणाले, आमच्या गावाला इतकं चांगलं संरक्षण कधी मिळालं नव्हतं. पाटीवर मी लिहिलं होतं: 'लिंडनएक. येथे कधीही मोठी लढाई झाली नाही. पाव मापात मिळतो. पाणी आहे.' रानडे काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि पिशवी खाली ठेवली. "आता ही पाटी पुण्यातली वाटते," ते म्हणाले. त्यांच्याकडून मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

दिवाळी संपल्यावर मी क्लासला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला नव्या मुलांबरोबर पहिल्या धड्यावर बसवलं. फ्रीड्रिख आणि मार्गारेटे अजून स्टेशनवर कॉफी पीत होते. त्यांना बघून मला फार बरं वाटलं.

बऱ्याच वर्षांनी मी बाबांना विचारलं, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बोलत होतो की. रोज विचारत होतो."

गेल्या वर्षी मी लिंडनएकला गेलो. खराडीच्या ज्या कंपनीत मी जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतो, तिने मला कामासाठी जर्मनीला पाठवलं होतं, आणि सुटीच्या दिवशी मी दोन गाड्या बदलून पोचलो. रॉयटर साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. पूल तिथेच होता, घड्याळाला एकच काटा होता, आणि वेशीतल्या पावाच्या मापावर मी माझा तळहात ठेवून बघितला. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं की इथे माझ्याऐवजी बाबा असायला हवे होते. त्यांचे गुडघे चालत होते तेव्हा मी त्यांना आणलं नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. हे ओझं वेगळं आहे आणि ते कुठल्या पाटीच्या मागच्या बाजूला लिहून उतरत नाही.

किल्ल्यावर विहिरीला आता जाळी आहे, खडे टाकायला मनाई आहे. त्याऐवजी तिथली बाई पाहुण्यांना गोळा करते आणि तांब्याएवढ्या भांड्यातून पाणी ओतते. मी कोथरूडला व्हिडिओ कॉल लावला. मंजूने उचलला, बाबा खुर्चीत बसलेले दिसले, मफलर बांधून. मी त्यांना म्हणालो, बोलू नका, फक्त ऐका, आणि फोन जाळीपाशी धरला. बाईने पाणी ओतलं. सगळे गप्प झाले. पहिल्यांदा काहीच नाही. त्या शांततेत माझ्या हातातून बाबांचा आवाज आला, बारीक, कापरा, पण एका लयीत. ते मोजत होते. एक. दोन. तीन. आजूबाजूची जर्मन माणसं वळून बघायला लागली. चार. पाच. मग खूप खोलवरून, डोंगराच्या तळातून, आवाज वर आला.

"आहे," बाबा म्हणाले. मग पडद्यावर त्यांनी मफलर सैल केला आणि मला म्हणाले, "आता बस."

मी जाळीशेजारच्या दगडावर बसलो.